‘ठीक आहे साहेब’ म्हणायची सवय

माझं शिक्षण आठवीपर्यंत. लिहिण्यात चुका होतील, त्या सांभाळून घ्या. मी लिहायला बसलो तो धुळ्याच्या यासीनचाचांमुळे. दवाखान्यात त्यांची खाट माझ्या खाटेला लागून होती. गाद्या भरायचं त्यांचं दुकान आहे. घरी जाताना ते मला म्हणाले, "फौजी, तू तोंडानं बोलत नाहीस. निदान लिही तरी. तुझ्यासारखे अजून असतील." मी मान हलवली आणि विसरलो. पण असे अजून असतात हे पुढे मी डोळ्यांनी पाहिलं. ते शेवटी सांगतो.

मी सैन्यात स्वयंपाकी होतो. आता डावा पाय गुडघ्याखाली नाही. सरकारशी माझं भांडण नाही, हे आधीच लिहून ठेवतो. सैन्यानं मला पोटभर खायला दिलं, नाव दिलं. तरीही हे लिहिताना थोडी धाकधूक आहे. कोणी साहेबांनी वाचलं आणि माझी फाइल बाजूला ठेवली तर काय घ्या? पण माझी बायको सुनंदा म्हणते, ती तशीही बाजूलाच आहे, तुम्ही लिहा.

बोटं

माझं गाव चंदगडकडे, भातशेतीचं. तिथून भरती झालो आणि फिरत फिरत एका बर्फातल्या चौकीवर पोहोचलो. एका सकाळी स्टोव्हचं रॉकेल संपलं. कॅन आणायला बाहेर गेलो तर एक पाय बर्फाखालच्या पाण्यात गेला. बूट ओला झाला. आधी जवानांचा चहा होऊ दे, मग मोजा बदलू, असा विचार केला. चहा झाला, नाष्टा झाला, पाय तसाच राहिला. बूट काढला तेव्हा बोटांचा रंग गेला होता. ती पाचही बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी माझा बाकीचा पाय वाचवला, त्यांचे आभार मी अजून मनात मानतो.

मग मला खाली आणलं, हलकं काम दिलं. माझी मुदत पूर्ण झाली आणि घरी जायच्या आधी डॉक्टरांचं बोर्ड बसलं. तुमचं अपंगत्व किती टक्के, ते हे बोर्ड ठरवतं. टक्के ठरावीक आकड्याच्या खाली गेले तर अपंगत्वाची पेन्शन मिळत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं की समोर मोठा साहेब बसलाय आणि मी सावधान उभा आहे.

"कैसे हो, जवान?"

"ठीक हूँ, साहब."

"चलने में तकलीफ?"

"नहीं, साहब."

दारापासून टेबलापर्यंत मी टाच दाबून सरळ चालत गेलो होतो. साहेबांनी खाली बघून लिहिलं. बाहेर आलो तेव्हा आपण छान उत्तरं दिली असं वाटत होतं. सैन्यात ‘कैसे हो’ला दुसरं उत्तर कोणी शिकवलंच नव्हतं. तकलीफ आहे म्हणणाऱ्याला आमच्यात कामचोर म्हणत.

जळगावचा दिवस

माझ्या पलटणीत पारोळ्याचा विलास होता. त्याची बहीण सुनंदा, तिच्याशी माझं लग्न झालं. माझे आईवडील गेल्यावर गावाकडे धरून ठेवणारं काही उरलं नाही, म्हणून आम्ही पारोळ्यात राहिलो. इकडची बोली कळायला मला वेळ लागला. भात सुटला आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची सवय झाली. लग्नकार्यात स्वयंपाकाची कामं घ्यायला लागलो. भट्टीपुढे दिवसभर उभं राहायचं, शेवभाजी, वांग्याचं भरीत, वरणबट्टी. बोटं नसलेला पाय रोज संध्याकाळी ठणकायचा. तळवा मात्र मुका झाला होता. खाली काय चाललंय ते मला समजत नव्हतं.

समजलं ते सुनंदाला. मोजे ती धुवायची. एक दिवस मोजा हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. "याला वास येतोय. पाय दाखवा."

"काही नाही गं, ठीक आहे."

तिनं पाय उलटा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं जळगावला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास? मी म्हटलं, तसा काही नाही साहेब. सुनंदानं पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला तो मोजा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टर माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलायला लागले. रक्त तपासलं, फोटो काढला. साखर निघाली, भरपूर. पायाचं हाड कुजत आलं होतं. ते म्हणाले, धुळ्याला माझे ओळखीचे सर्जन आहेत, तुम्हालाही ते जवळ पडेल, उद्याच जा. गुडघ्याखालून काढावा लागेल.

मी विचारलं, "साहेब, लग्नसराईनंतर केलं तर चालेल का? शब्द दिलेत लोकांना."

"पाय थांबेल हो," डॉक्टर म्हणाले. "विष थांबणार नाही."

स्टँडवर बस लागायची होती. सुनंदानं सवयीनं केळी घेतली, एक सोलून माझ्यापुढे धरलं आणि मग तिला आठवलं. तिनं ते स्वतःही खाल्लं नाही. केळ्यांच्या जिल्ह्यात राहायचं आणि केळं बंद, असं मी हसून म्हणालो. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "एक सांगते. यापुढे मला ठीक म्हणायचं नाही. साहेबाला म्हणा हवं तर."

धुळ्याची खाट

ऑपरेशनचं मी काही लिहीत नाही. झोपवलं, उठलो, चादर एका जागी सपाट होती. त्या सपाट जागेकडे बघायला मला बरेच दिवस लागले.

दवाखान्यात दिवसाचं एक वेळापत्रक असतं, फौजेसारखंच. झाडू, मग ताप बघणं, मग बिनसाखरेचा चहा. ड्रेसिंगच्या गाडीचं एक चाक कुरकुरायचं. ते लांबून ऐकू आलं की माझ्या हातांना घाम सुटायचा. पट्टी सोडताना मी छताकडे बघत दात आवळून पडायचो. शेजारी यासीनचाचा. कापसाच्या माळ्यावरून पडून त्यांचा खुबा मोडला होता. ते मात्र सिस्टर दारात दिसल्यापासून ओरडायला सुरुवात करायचे. अल्लाला, आईला, ज्यानं ती शिडी बनवली त्या सुताराला, सगळ्यांना हाका मारायचे. सिस्टर त्यांना हळूहळू हाताळायची, दुखणं थांबवायचं इंजेक्शन आधी त्यांना.

एकदा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "फौजी, मुँह में दही जमाया क्या? मैं चिल्लाया तो सिस्टर आयी. तू चूप बैठा तो वो समझी तेरेकू आराम है."

"सवय नाही, चाचा."

"सवय लावून घे. इथं कोण मेडल देणार नाही."

माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही. त्या पारोळ्याहून डबा घेऊन यायच्या. चाचांचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि आपल्या अहिराणीत त्यांची बाजू घेतली. "दुखस ते सांगाले काय लाज शे, जवाईबुवा? बठ्ठा लोके सांगतस, तुम्हीच गप बसतस."

पुढच्या ड्रेसिंगला मी हळूच ‘आई गं’ म्हटलं. चाचांनी त्यांच्या खाटेवरून टाळ्या वाजवल्या. सिस्टरसुद्धा हसली, पण तिचा हात हलका झाला हे खरं.

ज्यांचा पाय किंवा हात नुकताच गेला असेल त्यांना एक सांगून ठेवतो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. नसलेला पाय दुखतो. वेड लागलं असं समजू नका. माझी तर बोटं कितीतरी वर्षांपूर्वी बर्फात गेलेली. तीच बोटं धुळ्याच्या उन्हाळ्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, गार पडायची. मी सुनंदाला म्हणायचो, पायावर चादर घाल. पाय नसलेल्या जागेवर ती चादर घालायची, नीट दुमडून. एकदाही तिनं ‘कुठे?’ असं विचारलं नाही.

दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर चाचांनी दुकानातून एक छोटी उशी पाठवली. कापून उरलेल्या पायाखाली घ्यायला, अस्सल कापसाची. पैसे विचारले तर फोन ठेवून दिला. ती उशी अजून माझ्याजवळ आहे.

जिना

भट्टीपुढे उभं राहणं संपलं होतं. आता तेव्हा न मिळालेल्या अपंगत्वाच्या पेन्शनवर सगळं येऊन थांबलं. घर त्यावर चालणार होतं, आणि पुढे बसवायचा तो नकली पाय झिजला की नवीन मिळणंही. त्याहून एक गोष्ट होती, ती सुनंदा बोलायची. "पाय तुमचा गेलाय. कशात गेला ते त्यांनी कबूल केलं पाहिजे."

ज्या कार्यालयात कागद द्यायचे ते पहिल्या मजल्यावर. अपंग सैनिकांचं टेबल वर आणि जिना अरुंद. तिथले बाबू म्हणाले, लिफ्ट मंजूर झालेली आहे. मंजूर होऊन किती वर्षं झाली ते मी विचारलं नाही. कुबड्या एका हातात, दुसरा हात कठड्यावर, असा चढलो. वर पोहोचल्यावर बाबूंनी विचारलं, त्रास नाही ना झाला? मी म्हटलं, नाही साहेब.

टेबलासमोरच्या खुर्चीवर फायली होत्या. मी उभाच राहिलो.

पहिल्यांदा त्यांनी बर्फातल्या जखमेचा मूळ कागद मागितला. पलटण तिथून केव्हाच हलली होती. माझं पत्र हिंडून हिंडून शिक्के खाऊन परत आलं. ते मिळवण्यात एक पावसाळा गेला. तो कागद घेऊन गेलो तर पाय कापल्याचा दाखला जुना झाला होता. ताजा हवा. त्या दिवशी सोबत अक्का होत्या. त्या जिना चढून दमल्या होत्या, फायली उचलून जमिनीवर ठेवून सरळ खुर्चीत बसल्या.

"काय म्हनस हाऊ?" त्यांनी मला विचारलं.

"पायाचा नवा दाखला आणा म्हणतात."

अक्का बाबूंकडे वळल्या. "कापेल पाय परत उगस का रे भाऊ?"

आजूबाजूच्या टेबलांवर लोक हसले. बाबूही हसले, पण त्यांचा चेहरा पडला. "आजी, मलाही कळतं. वरचे विचारतात. मी नाही पाठवला तर फाइल परत येते, मग यांनाच पुन्हा चढावं लागतं." माणूस वाईट नव्हता. एवढे अपंग त्याच्या टेबलावरून जातात की त्याला आता पाय दिसत नाहीत, दाखला दिसतो.

शेवटी उत्तर आलं. ते इंग्रजीत होतं. बाबूंनी मला समजावून सांगितलं. एक, पाय साखरेमुळे गेला, साखरेचा नोकरीशी संबंध नाही. दोन, सैन्यातून जाताना रुग्णाची कोणतीही तक्रार नव्हती, चालणं व्यवस्थित होतं.

"तुम्हीच तसं सांगितलंय ना, भाऊ?"

मला ते टेबल आठवलं, तो साहेब, माझी दाबलेली टाच. साहेबापुढे सरळ उभं राहायचं, रडायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. मी तसा राहिलो. आणि तेच त्यांनी माझ्याविरुद्ध लिहून ठेवलं. मला राग आला नाही, खरं सांगतो. शरमल्यासारखं झालं. जणू मीच काही चोरलं होतं.

बाबूंनी आवाज खाली आणला. "अपील करता येतं. नवं बोर्ड बसेल. पण तिथे काय बोलायचं ते घरून ठरवून जा."

घरी यावरून बरेच दिवस ताण होता. विलास निवृत्त होऊन सुरतला एका सोसायटीत कामाला आहे. त्याचा फोन आला. "दाजी, सोड ना ते. जिंदगी जाईल त्या कागदात. इथं ये, गेटवर खुर्ची आहे, बसून काम." मला ते पटत होतं. जिन्याची भीती बसली होती. सुनंदानं फोन घेतला आणि भावाला म्हणाली, "तू तिथं होतास ना त्या चौकीवर? यांनी केलेला चहा प्यायलास ना त्या दिवशी? मग सोड म्हणू नको."  नंतर विलासनं आपणहून साक्षीचा कागद लिहून पाठवला.

तालीम

बोर्डाची तारीख आली. दूरच्या शहरातला लष्करी दवाखाना होता. सुनंदानं घरात माझी तालीम घ्यायला सुरुवात केली. भाकरी थापता थापता ती अचानक विचारायची, "कैसे हो?"

"ठीक हूँ."

"बघा."

अक्कांना यात भारी गंमत वाटायची. ओसरीवर चटईवर बसून, जाड आवाज काढून त्या विचारायच्या, "कसा शेतस, जवान?" आणि माझ्या तोंडातून ते बाहेर पडायचंच. माझ्या लक्षात आलं की मी त्यावर विचार करत नाही. शिंक यावी तसं ते येतं.

निघायच्या दिवशी मी दोन्ही बुटांना पॉलिश करत बसलो. तोवर बसवलेल्या नकली पायाच्या बुटालाही. इस्त्रीचा शर्ट, मेडलची फीत. सुनंदा दारात येऊन उभी राहिली. "कुठे निघालात, परेडला?" तिनं ब्रश काढून घेतला आणि हातात काठी दिली. "ही घेऊन आत जायचं. टेकून."

"बरं दिसत नाही गं."

"नकोच दिसायला."

बोर्ड

आत तीन साहेब होते. मधल्या साहेबांचे केस पिकलेले. मी काठी टेकत गेलो, पण टेबलासमोर पोहोचलो आणि पाठ आपोआप ताठ झाली. नकली पायसुद्धा सरळ झाला.

"कैसे हो, जवान?"

‘ठी’ तोंडातून निघालंच. मी ओठ आवळले.  मला चाचांच्या टाळ्या आठवल्या, आणि काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरून मी म्हणालो, "साहब, पिछली बार मैंने झूठ बोला था."

त्यांनी मान वर केली. "क्या झूठ बोला?"

"ठीक हूँ बोला था, साहब. ठीक नहीं था."

मग मी सांगत गेलो. रॉकेलचा कॅन, ओला मोजा, चहा. बोटं बर्फात गेली, साखर नंतर आली. बोटं नसलेल्या पायाची जखम भरली नाही कारण तळवा मुका होता. काठीशिवाय चाललो की उरलेला पाय सोलतो. नसलेली बोटं अजून गार पडतात. हे सांगताना माझा आवाज लहान मुलासारखा झाला, त्याची मला लाज वाटली. पण कोणी मला कामचोर म्हटलं नाही. साहेबांनी नकली पाय काढायला लावला, कातडी स्वतः बोटानं दाबून पाहिली, विचारलं, इथे? मी म्हटलं, हो. इथे? हो, साहेब. ते लिहीत राहिले.

निकाल नंतर आला. बोटांचं नोकरीत झालं, हे मान्य. टक्के वाढले, पेन्शन सुरू झाली. बाकीचा पाय अजून साखरेच्या खात्यातच आहे, त्याची फाइल वर गेली आहे. अर्धा पाय मान्य झाला असं मी घरी म्हणतो. त्या अर्ध्यासाठीही ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे, त्या बाबूंचासुद्धा.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

बाकावर

बोर्डातून बाहेर आलो तर बाकावर माझा पुढचा नंबर बसला होता. जामनेरकडचा, माझ्याच वयाचा, सोबत त्याची बायको. त्याच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. त्यानं विचारलं, "भाऊ, आत काय विचारतात?"

"कसे आहात विचारतात. खरं सांगा. दुखत असेल तर दुखतंय म्हणा. ठीक आहे म्हणू नका, माझं त्यातच गेलं."

"हो, हो. सांगणार ना," तो म्हणाला. त्याचं नाव पुकारलं. तो उठला, बायकोसमोर हात धरला, तिनं त्याच्या बाहीचं बटण लावून दिलं. मग गळ्याचं. तो आत गेला. दार पूर्ण लागलं नाही.

"कैसे हो, जवान?"

"बढ़िया, साहब."

"हाथ चलता है?"

"चलता है, साहब."

बाकावर त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. दारातला शिपाई म्हणाला, अरे, अंदर बोर्ड चालू है. मी दार ढकललं. जन्मात कधी परवानगीशिवाय साहेबाच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"साहब," मी म्हणालो, "ये भी झूठ बोल रहा है. इसके बटन बीवी लगाती है."

तो माणूस थोबाडीत बसल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपल्या बाहीकडे पाहिलं. पिकल्या केसांच्या साहेबांनी आधी मला पाहिलं, मग त्याला. लिहिलेल्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली.

"तुम बाहर बैठो. दरवाजा बंद करो," ते मला म्हणाले. आणि त्याला म्हणाले, "बैठ जाओ. फिर से बताओ."

मी दार ओढून घेतलं. तेव्हा लक्षात आलं, काठी बाकावरच राहिली होती. बाकापर्यंत परत जाताना उरलेला पाय पेटल्यासारखा झाला.

"लई दुखतंय गं," मी सुनंदाला म्हणालो. तिनं विचारलं नव्हतं.

"माहितीये," ती म्हणाली आणि बाजूला सरकली. "बसा."